कागद कुणाच्या खिशात आहे? जुन्या अमेरिकेवरच्या कादंबऱ्या वाचताना

ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की आपल्याला गड, घोडे, दरबार, फितुरी आणि शेवटी डोळ्यांत पाणी एवढं सगळं एकत्र मिळायची सवय असते. मलाही होतीच. त्यामुळे सतराव्या-अठराव्या शतकातल्या आणि मग एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेवरच्या कादंबऱ्या वाचायला लागले तेव्हा आधी जरा चुकल्यासारखंच व्हायचं, कारण तिथे राजाच नाही. म्हणजे आहे, पण समुद्रापलीकडे, आणि १७७६ नंतर तर तोही नाही. दरबार नाही, घराणी नाहीत, जो तो कुठल्यातरी बोटीतून उतरलेला किंवा उतरवलेला, आणि सांगतोय ते नाव त्याचं स्वतःचं आहे की वाटेत घेतलेलं हे विचारायला ओळखीचं माणूस कुणी नाही. मग अशा ठिकाणी समोरचा कोण आहे, मोकळा आहे की कुणाच्या मालकीचा, त्याची जमीन त्याची आहे का, त्याचे पैसे खरे आहेत का, हे सगळं ठरवायचं कशावरून? तर कागदावरून. पास, हुंडी, करार, खानेसुमारी, मृत्युपत्र, पेपरातली जाहिरात.

हे एकदा लक्षात आल्यापासून मी या कादंबऱ्या वेगळ्याच पद्धतीने वाचते. कपडे, बंदुका, घोडागाडीची चाकं, मेणबत्त्या, हे काय, कुणीही चार पुस्तकं चाळून लिहू शकतो. पण कागद कुणाच्या हातात आहे, तो वाचता कुणाला येतो आणि तो फाडला तर काय होतं, हे ज्या लेखकाला कळलंय त्याची कादंबरी माझ्या लेखी पास. बाकीच्यांचं म्हणजे नाटक कंपनीचा ड्रेपरीचा ट्रंक.

सगळ्यात मजेशीर उदाहरण आधी सांगते, फ्रान्सिस स्पफर्डची 'गोल्डन हिल'. २०१६ ची, लेखक इंग्रज. सन १७४६, न्यूयॉर्क, म्हणजे तेव्हा जेमतेम काही हजार वस्तीचं बंदर, डच लोकांचा ठसा अजून घराघरांवर. लंडनहून स्मिथ नावाचा एक तरुण बोटीतून उतरतो आणि थेट लव्हेल नावाच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर जाऊन एक हजार पौंडांची हुंडी पुढे ठेवतो. मुदती हुंडी, साठ दिवसांची. इथे आपल्या लोकांना लेखकाने काही समजावून सांगायची गरजच पडू नये खरं तर, हुंडी म्हणजे काय हे रक्तातच आहे. लव्हेलची पंचाईत अशी की इतकी रोकड त्या अख्ख्या गावात गोळा करणं मुश्कील, आणि पोरगा कोण, कशासाठी आला, पैशाचं काय करणार हे तो सांगतच नाही. नाकारावी तर लंडनमधली पत जाते, स्वीकारावी आणि ती बनावट निघाली तर धंदा बुडतो. त्या काळी हुंडीच्या दोन-तीन प्रती काढून वेगवेगळ्या बोटींतून पाठवायची पद्धत होती, एखादी बोट बुडाली तरी दुसरी पोचेल म्हणून. त्यामुळे दुसरी प्रत येईपर्यंत सगळं गाव त्या स्मिथकडे टकामका बघत बसलंय, कुणी त्याला जेवायला बोलावतंय, कुणी त्याच्यावर पाळत ठेवतंय, आणि त्याची पत रोज वर-खाली होतेय. एका कागदाच्या जोरावर अख्खी कादंबरी.

त्यात सुरुवातीलाच एक सीन आहे जो मी परत परत वाचते. स्मिथ खर्चासाठी काही सोन्याची नाणी मोडून मागतो, आणि लव्हेल त्याला सुट्टे मोजून देतो. काय देतो? मेक्सिकोचा डॉलर, पोर्तुगीज नाणी, डच गिल्डरचा पाव, युरोपातल्या आणखी कुठल्याकुठल्या मुलखांतलं चिल्लर, आणि एक मूरिश नाणं जे गावात कुणालाच वाचता येत नाही पण वजन बरोबर आहे म्हणून चालवून घेतात. आणि मग त्यावर शेजारच्या वसाहतींच्या कागदी नोटांची चळत. स्मिथला वाटतं हा माणूस आपली टिंगल करतोय. पण ही टिंगल नाहीये, खरंच तसंच होतं, इंग्लंडहून नाणं पुरेसं यायचं नाही म्हणून जे हाताला लागेल ते चालायचं, आणि स्पॅनिश डॉलरला न्यूयॉर्कमध्ये आठ शिलिंग धरायचे तर दुसऱ्या वसाहतीत भाव वेगळाच. एका टेबलावरच्या त्या चिल्लरीत लेखकाने अख्ख्या अटलांटिकचा व्यापार दाखवला, आणि तोसुद्धा कुठेही 'तत्कालीन आर्थिक परिस्थिती' असं लेक्चर न देता. स्मिथ कशासाठी आलाय ते शेवटी कळतं, मी सांगणार नाही, पण कळल्यावर त्या हजार पौंडांकडे बघायची नजर पूर्ण बदलते एवढं नक्की.

हे झालं गोऱ्या माणसाच्या कागदाचं. त्याचा कागद खोटा निघाला तर फार तर तुरुंग, नाहीतर फास. काळ्या माणसाचा कागद खरा असून काय होऊ शकतं ते बघायचं असेल तर एडवर्ड पी. जोन्सची 'द नोन वर्ल्ड' वाचा. २००३ ची, २००४ चं पुलित्झर मिळालं. मला विचाराल तर या सगळ्या विषयावरची ही सगळ्यात मोठी कादंबरी, जाडीने नव्हे.

गोष्ट व्हर्जिनियातल्या मँचेस्टर काउंटीची, १८५५ च्या आसपासची. ऑगस्टस टाउनसेंड हा गुलाम, सुतारकाम करून पैसे साठवतो, आधी स्वतःला विकत घेतो, मग बायकोला, मग मुलाला, हेन्रीला. पण मुलगा सोडवायला इतकी वर्षं लागतात की तोवर तो मालकाच्याच सावलीत वाढलेला असतो, आणि मोठा होऊन हेन्री काय करतो तर स्वतःच एक गुलाम विकत घेतो. काळा माणूस, काळ्या गुलामांचा मालक. आपल्या आयुष्याची कमाई घालून सोडवलेल्या मुलाने हे केलंय कळल्यावर बाप हातातल्या काठीने त्याला बडवतो, खांद्याचं हाड मोडतो. हे काही लेखकाच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही बरं का, असे काळे मालक खरोखर होते. थोडे होते, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या नावावरचे 'गुलाम' म्हणजे त्यांचीच बायको-पोरं असायची, कारण व्हर्जिनियाचा १८०६ चा कायदा होता की मुक्त केलेल्या गुलामाने बारा महिन्यांत राज्य सोडायचं. म्हणजे बायकोला कागदोपत्री मोकळं केलं तर तिला हद्दपार व्हावं लागणार, त्यापेक्षा ती कागदावर नवऱ्याची मालमत्ता राहिलेली बरी. असले कायदे बघितले की वाटतं यांच्यावर वेगळं पात्र म्हणून खलनायक घालायची गरजच काय.

आणि मग तो सीन. त्या काळी व्हर्जिनियात मोकळ्या काळ्या माणसाने कोर्टात नोंद करून कागद जवळ बाळगायचा असायचा, त्यात त्याची उंची, रंग, अंगावरच्या खुणा-व्रण सगळं लिहिलेलं. ऑगस्टस रात्री गाडी घेऊन घरी चाललाय, गस्तीवाले अडवतात, ते त्याला चांगले ओळखतात, नेहमीचाच आहे. त्यातला हार्वे ट्रॅव्हिस नावाचा माणूस कागद मागतो, ऑगस्टस देतो, आणि ट्रॅव्हिस तो कागद खातो. फाडत नाही, जाळत नाही, चावून गिळतो. आणि तेवढ्यात तिथून जाणाऱ्या एका दलालाला ऑगस्टसला विकून टाकतो. बास. पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या घरी चाललेला म्हातारा सुतार आता माल झाला. तिथे असलेल्यांपैकी एकाला, बार्नम नावाच्या दारुड्या गरीब गोऱ्या गस्तीवाल्याला, हे चूक आहे हे कळतंय, तो तोंडातल्या तोंडात बोलतोही, पण त्याचं ऐकतो कोण. मला या प्रसंगात सगळ्यात भयानक वाटतं ते हे की ट्रॅव्हिसला चिडायलासुद्धा फार कारण लागत नाही.

आता या कादंबरीतली गंमत म्हणा की खोडी म्हणा, निवेदक मधे मधे खानेसुमारीचे आकडे देतो, अमुक साली काउंटीत इतके गुलाम, तमुक इतिहासकाराने असं लिहिलंय, पुढे शंभर वर्षांनी अमक्याच्या नातीचं असं झालं. वाचताना आपण मान डोलावतो. आणि ते सगळं बनवलेलं आहे! मँचेस्टर काउंटी नावाची जागाच व्हर्जिनियात नाही. कागदावर इतका विश्वास ठेवणाऱ्या जगाबद्दलची कादंबरी, आणि लेखकाने वाचकालाच बनावट कागद दाखवून फसवलं. मला हे कळलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून हसत सुटले, कारण जे जग माणसाच्या किमतीचा हिशोब वहीत अचूक मांडत होतं, गुलामांच्या विम्याच्या पॉलिसीसुद्धा काढत होतं, त्याच्या वहीवर आपण डोळे झाकून का विसंबतो हा प्रश्न लेखकाने एका शब्दानेही न विचारता विचारलाय.

असाच खरा-खोटा कागदांचा खेळ जॉर्ज साँडर्सच्या 'लिंकन इन द बार्डो' मध्ये आहे, २०१७ चं बुकर. लिंकनचा अकरा वर्षांचा मुलगा विली फेब्रुवारी १८६२ मध्ये तापाने गेला, यादवी युद्ध चालू, आणि बाप रात्री स्मशानात जातो. साँडर्सने त्या रात्रीबद्दल खऱ्या आठवणी, पत्रं, चरित्रं यांचे तुकडे एकापुढे एक लावलेत आणि त्यात आपले काही घुसवलेत. त्यात चंद्राबद्दल एक प्रकरण आहे, एक जण म्हणतो पौर्णिमेचा मोठा चंद्र होता, दुसरा म्हणतो चंद्रच नव्हता, तिसऱ्याला कोर दिसली. आपल्या बखरी वाचणाऱ्यांना हे अगदी घरचं वाटेल. कादंबरी मात्र सगळ्यांना झेपेल असं नाही, भुतंच भुतं बोलतात, पहिली पन्नास पानं कोण बोलतंय हेच कळत नाही.

थोडं मागे जाऊया, कारण या प्रकाराचा मूळपुरुष जेम्स फेनिमोर कूपर. 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' १८२६ ची, पण गोष्ट १७५७ ची, म्हणजे त्याच्यासाठीसुद्धा ती ऐतिहासिक कादंबरीच होती. खरं सांगू, कूपर आता वाचवत नाही. वाक्यं लांबच्या लांब, बायका सारख्या मूर्च्छित, जंगलात प्रत्येक वेळी कुणाचातरी पाय वाळक्या काटकीवर पडणार म्हणजे पडणार. मार्क ट्वेनने १८९५ मध्ये या काटक्यांवरूनच त्याची अशी काही सालटी काढलीय की ते वाचल्यावर कूपर गंभीरपणे वाचणं अवघडच होऊन बसतं. पण इंग्रज-फ्रेंच युद्धातल्या फोर्ट विल्यम हेन्रीच्या वेढ्यातला एक कागद बघा. किल्ल्यात अडकलेला इंग्रज अधिकारी मन्रो मदतीची वाट बघतोय, वरिष्ठ जनरल वेब जवळच फौज घेऊन बसलाय, आणि त्याचं पत्र निघतं की मदत येणार नाही, शरण जा. ते पत्र वाटेत फ्रेंचांच्या हाती लागतं आणि फ्रेंच सेनापती माँकाम ते पत्र स्वतःच मन्रोला पोचवतो, अगदी अदबीने. हे कूपरने बनवलेलं नाही, ऑगस्ट १७५७ मध्ये खरंच झालं. शरणागतीच्या अटी कागदावर सभ्यपणे ठरल्या, पण फ्रेंचांच्या बाजूने लढायला लांबलांबून आलेल्या आदिवासी योद्ध्यांच्या पदरात त्यातून काहीच पडणार नव्हतं, लूट हेच त्यांचं मानधन आणि तेच अटींनी काढून घेतलं. पुढे निघालेल्या इंग्रजांवर हल्ला झाला. कूपरने तो हल्ला रंगवून रंगवून लिहिला आणि अटींचा भाग भरकन उरकला, आणि पुढच्या पिढ्यांना 'रानटी' तेवढे लक्षात राहिले. आणि हो, शेवटचा मोहिकन वगैरे काही नाही, मोहिकन लोक आजही आहेत, विस्कॉन्सिनमध्ये त्यांची वसाहत आहे.

नॅथॅनियल हॉथॉर्नचं 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) सगळ्यांना माहितीये म्हणून फार लिहीत नाही, फक्त त्याची ती लांबलचक प्रस्तावना लोक गाळतात ती गाळू नका. हॉथॉर्न सेलमच्या कस्टम हाउसमध्ये नोकरीला होता, १८४९ मध्ये सरकार बदललं आणि नोकरी गेली. प्रस्तावनेत तो सांगतो की माळ्यावरच्या जुन्या दफ्तरात मला एक पुडकं सापडलं, त्यात लाल कापडाचा तुकडा आणि ही हकीकत. सगळी थाप, पण थाप मारायलासुद्धा त्याला दफ्तराचा आधार लागला. त्यामागे घरचंही एक दफ्तर होतंच, १६९२ च्या सेलमच्या चेटकीण खटल्यांत चौकशा करणारा जॉन हॅथॉर्न हा त्याचा थेट पूर्वज. एकोणीस जणांना फासावर दिलं त्या प्रकरणात, आणि त्या चौकशांची लेखी नोंद आजही वाचायला मिळते.

'गॉन विथ द विंड' बद्दल न लिहून चालणार नाही, कारण बहुतेक जण या जगात त्याच दारातून शिरतात. १९३६ ची कादंबरी. मी कॉलेजात असताना रात्रभर जागून वाचलेली आणि स्कार्लेट हे पात्र म्हणून जबरदस्तच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. टारावरच्या, म्हणजे तिच्या घरच्या मळ्यावरच्या, घरपट्टीचे तीनशे डॉलर भरायचेत, हातात दमडी नाही, यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या सरकारच्या नोटा रद्दी झाल्यात, आणि ही बया हिरव्या मखमली पडद्याचा ड्रेस शिवून श्रीमंत रेट बटलरकडे पैसे मागायला निघते. कागदाच्या दृष्टीनेसुद्धा फर्स्ट क्लास प्रसंग. पण त्याच पुस्तकात गुलाम कसे आहेत? प्रेमळ, अडाणी, मालकासाठी जीव टाकणारे, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर बिचारे गोंधळलेले. १८६० च्या खानेसुमारीत जवळजवळ चाळीस लाख माणसं गुलाम म्हणून नोंदली होती, आणि हजार पानांच्या या कादंबरीत त्यातल्या एकालाही स्वतःच्या मनातलं एक पान मिळत नाही. पुन्हा वाचायला घेतली तेव्हा पडद्याच्या ड्रेसपर्यंत मजेत गेले आणि पुढे मात्र दर चार पानांनी दात-ओठ खाल्ले.

तिच्यावर उतारा म्हणून लगेच टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' (१९८७) वाचावी. त्यामागची हकीकत खरी आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गरेट गार्नर नावाची गुलाम बाई केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून कुटुंबासकट पळाली, पकडायला माणसं आली तेव्हा पोरं पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिने स्वतःच्या लहान मुलीचा गळा चिरला. आणि पुढचा खटला कशाचा झाला माहितीये? खुनाचा नाही. ती मालकाची मालमत्ता आहे का, आणि १८५० च्या पळालेल्या गुलामांच्या कायद्याप्रमाणे परत पाठवायची का, याचा. परत पाठवली. खून म्हणायचं तर मेलेली मुलगी माणूस होती असं मान्य करावं लागलं असतं ना. मॉरिसनला ही बातमी जुन्या पेपरातल्या एका कात्रणात सापडली होती, आणि कादंबरीतही कात्रण आहेच. स्टँप पेड नावाचा म्हातारा ते पॉल डी ला दाखवतो, पॉल डी ला वाचता येत नाही, पण काळ्या माणसाचं चित्र पेपरात छापून आलंय म्हणजे काहीतरी अघटितच झालं असणार हे त्याला पक्कं माहितीये. आणि तो चित्रावर बोट ठेवून हट्टाने म्हणत राहतो की हे तोंड सेथेचं, म्हणजे कादंबरीतल्या त्या आईचं, नाहीच. अक्षरं वाचता न येणाऱ्या माणसाचा कागदावर अविश्वास, आणि तो कागद खरा. त्या दोन-तीन पानांत मॉरिसनने जे केलंय त्यावर मला काही म्हणजे काही बोलता येत नाही.

गुलामांना वाचायला-लिहायला शिकवणं हा दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांत गुन्हाच होता, शिकवणाऱ्याला शिक्षा. कारण साधं आहे, लिहिता आलं की पास, म्हणजे गुलामाला बाहेर जायची मालकाची परवानगी, स्वतःच लिहिता येतो. गुलामीतून पळून पुढे प्रसिद्ध वक्ता-लेखक झालेल्या फ्रेडरिक डग्लसने पळून जायच्या पहिल्या प्रयत्नात मित्रांसाठी बनावट पास लिहिलेच होते. तो बेत फसला, पण सप्टेंबर १८३८ मध्ये तो बाल्टिमोरहून चक्क रेल्वेने निसटला, खलाशाचे कपडे घालून, एका मोकळ्या काळ्या खलाशाचा ओळखीचा कागद उसना घेऊन. कागदावरचं वर्णन त्याच्याशी जुळत नव्हतं. पण त्या कागदाच्या डोक्यावर अमेरिकन गरुडाचं चित्र होतं, कंडक्टरने गरुड बघितला आणि पुढे गेला. आता बोला. कुठला कादंबरीकार एवढं धाडस करेल, संपादकच म्हणेल की हे पटत नाही, काढा.

पर्सिव्हल एव्हरेटच्या 'जेम्स' (२०२४, पुढच्या वर्षी पुलित्झर) मध्ये हेच पेन्सिलीवर येतं. मार्क ट्वेनच्या कादंबरीत हकलबेरी फिनबरोबर तराफ्यावर बसलेला तो पळालेला गुलाम जिम, इथे गोष्ट तो सांगतो, आणि त्याला उत्तम वाचता येतं, गोऱ्यांसमोर मुद्दाम अडाण्यासारखं बोलतो आणि पोरांनाही तसं बोलायला शिकवतो, क्लास घेतल्यासारखं. एक जण त्याच्यासाठी पेन्सिलीचा एक तुकडा चोरतो, आणि त्या तुकड्यापायी चोरणाऱ्याचा जीव जातो. पुस्तक मधे मधे फारच चतुर होतं असं माझं मत, पण ती पेन्सिल खिशात ठेवून चालणारा माणूस विसरता येत नाही. कोल्सन व्हाइटहेडच्या 'द अंडरग्राउंड रेलरोड' मध्ये (पळणाऱ्या गुलामांना मदत करणाऱ्या गुप्त जाळ्याला तसं नाव होतं) खरीखुरी भुयारी रेल्वे आहे, ते सगळ्यांना माहितीच आहे, पण प्रकरणांच्या मधे त्याने पळालेल्या गुलामांच्या जाहिराती टाकल्यात त्या बहुतेक खऱ्या आहेत, त्या काळच्या पेपरांतल्या. मला कादंबरीपेक्षा त्या जाहिरातींनीच जास्त धरून ठेवलं. पळालेल्या बाईचं मालक किती बारकाईने वर्णन करतो, बोलायची ढब, कुठे व्रण, कुठल्या गावी ओळखी. व्रण कसा आला ते तेवढं लिहीत नाही.

आणि आता ती कादंबरी जी मी भेटेल त्याच्या गळ्यात मारत असते आणि कुणी वाचत नाही, जेम्स वेल्चची 'फूल्स क्रो', १९८६. वेल्च स्वतः ब्लॅकफीट, म्हणजे तिथल्या आदिवासी जमातीतला. मोंटानातली १८६०-७० मधली गोष्ट, आणि सगळं आतून सांगितलेलं. महिने म्हणजे चंद्र, थंडी म्हणजे थंडी आणणारा कुणीतरी, सैनिक म्हणजे पकडणारे. पहिली तीस-चाळीस पानं अडखळायला होतं, मग हळूहळू त्या लोकांचंच डोकं आपल्याला बसतं आणि गोरे लोक आपल्यालाच विचित्र दिसायला लागतात, केसाळ, घाईचे, सारखं काहीतरी मागणारे. हेवी रनर नावाचा टोळीनायक त्यात आहे, हा इतिहासातला खरा माणूस. शांततेच्या बाजूचा. लष्करी अधिकाऱ्यांशी बोलणं झाल्यावर तो एक कागद मागून घेतो, हा माणूस मित्र आहे, याला त्रास देऊ नये असा. २३ जानेवारी १८७० च्या पहाटे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, मेजर बेकरची घोडदळाची तुकडी मारायास नदीच्या काठी येते, शोधायला आलेले असतात दुसऱ्याच टोळीनायकाचा तळ. वाटाड्या जो किप ओरडून सांगतो की हा तो तळ नव्हे. हेवी रनर तो कागद हातात धरून वर करत त्यांच्याकडे चालत येतो. त्याला गोळी घालतात. मग तळावर गोळीबार, आत देवीने आजारी बायका, म्हातारे, पोरं, कारण धडधाकट पुरुष शिकारीला गेलेले. लष्कराच्याच हिशोबाने १७३ मेले. वेल्चची पणजी त्यातून वाचलेल्यांपैकी. आणि एवढं असूनही त्याने तो हल्ला समोर घडताना लिहिलेला नाही, कादंबरीचा नायक नंतर तिथे पोचतो आणि वाचलेल्यांच्या तोंडून ऐकतो. दुसरा कुणी लेखक असता तर पंचवीस पानं रक्त सांडलं असतं.

ऑगस्टसचा कागद खाल्ला, हेवी रनरचा कुणी वाचलासुद्धा नाही. आणि ज्यांच्याकडे कागदच नव्हता त्यांचं काय? लॉरा इंगल्स वाइल्डरची 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' (१९३५) लहानपणी वाचलेल्यांना हे सांगितलं की लोक रागावतात, पण कॅन्ससमध्ये पा इंगल्सने, म्हणजे लॉराच्या वडिलांनी, घर बांधलं ती जमीन तेव्हा ओसेज आदिवासींची होती, गोऱ्यांना वसायला खुली नव्हती. पुस्तक फारच गोड आहे, ओंडक्यांचं घर, सारंगीसारखं फिडल, सगळं. पण कागद मागायचाच झाला तर पांच्या खिशात काही नव्हतं, आणि त्यांना कुणी गस्तीवाल्याने अडवलंही नाही.

एका प्रकाराचा मात्र मला मनस्वी कंटाळा येतो, ज्यात १८४० ची नायिका आजच्या मुलीसारखी ताडताड बोलते, हवं तिथे जाते, हवी ती जमीन स्वतःच्या नावावर करते. अगं बाई, लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तेव्हा कायद्याने नवऱ्याची होती, न्यूयॉर्कमध्येसुद्धा १८४८ मध्ये कायदा झाला तेव्हा कुठे तिथे जरा बदल झाला. बंड दाखवायचं तर ते त्या कायद्याच्या फटीत दाखवा की. एरियल लॉहॉनच्या 'द फ्रोझन रिव्हर' (२०२३) मध्ये निदान तशी एक फट सापडलीय. मेनमधली मार्था बॅलर्ड, सुईण, तिने १७८५ पासून १८१२ पर्यंत रोज डायरी लिहिली, आठशेच्या वर बाळंतपणं केली, आणि ती डायरी खरंच शिल्लक आहे. हवा, नदीचा बर्फ, कोण बाळंत झालं, किती पैसे मिळाले, बास, भावना जवळपास शून्य. त्या कोरड्या नोंदींवर लॉहॉनने खून-बिन घालून थ्रिलर रचलाय, खुसखुशीत आहे, प्रवासात वाचायला मस्त. पण लॉरेल थॅचर अल्रिचने त्याच डायरीवर १९९० मध्ये जे इतिहासाचं पुस्तक लिहिलं ते कादंबरीपेक्षा जास्त पकडतं असं माझं म्हणणं आहे, त्यावर वाद घालायला मी तयार आहे.

राहिली 'ब्लड मेरिडियन'. कॉरमॅक मॅकार्थी, १९८५, आणि गोष्ट १८४९-५० ची, टेक्सास-मेक्सिको सरहद्द. तिथे कागदाचा प्रश्नच मिटलाय. मेक्सिकोतल्या चिवावा प्रांताचं सरकार अपाचे आदिवासी माणसाच्या टाळूच्या कातडीमागे रोख पैसे देत होतं, ग्लँटन नावाच्या माणसाची टोळी ती आणून द्यायची, आणि कातडी कुणाची हे बघून कळत नाही म्हटल्यावर टोळीने शांत बसलेल्या आदिवासी वस्त्या आणि पुढे मेक्सिकन गावकरीसुद्धा कापायला सुरुवात केली, ज्या सरकारकडून पैसे घ्यायचे त्याचीच माणसं. हे ऐतिहासिक आहे. त्यातला जज होल्डन वाटेत सापडेल ती जुनी वस्तू, पानं, पक्षी वहीत सुरेख रेखाटतो आणि रेखाटून झालं की मूळ वस्तू आगीत टाकतो, म्हणजे आता ती फक्त त्याच्या वहीत आहे. या प्रसंगापाशी मी पुस्तक मिटलं ते अजून तसंच आहे. लोक म्हणतात शेवट वाचलाच पाहिजे. बघू, आधी लॅरी मॅकमर्ट्रीची 'लोनसम डव्ह' संपवते, त्यात निदान गुरं तरी आहेत.